कोळंबीचे नखरे

आमच्या आजोळी कोळंबी न खाणारी मुलगी म्हणजे घराण्याची लाज. हर्णैचं बंदर जवळच. लिलाव उरकला की आजोबा पिशवी हलवत घरी यायचे आणि आजी मागच्या पडवीत विळी घेऊन बसायची. सोललेल्या कोळंबीचा वास तिच्या बोटांना रात्रीपर्यंत असायचा. त्या वासाने बाकीच्या नातवंडांना भूक लागायची, मला ढवळायचं. कालवण ताटात पडलं की मी ताट दोन बोटांनी पुढे सरकवायचे. "नखरे नुसते," आजी म्हणायची. मावशीचं निदान वेगळं होतं: "पुण्याचं पाणी लागलंय, दुसरं काय!"

एका मे महिन्यात मावशीने भातात मऊ कालवून, गोष्ट सांगत सांगत मला चार घास भरवले. मी सात वर्षांची असेन. अर्ध्या तासात पाठीवर, पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. हा शब्द आता शहरात फारसा ऐकू येत नाही, म्हणून सांगते: गांधी म्हणजे कातडीवर उठणारे लालसर, फुगीर, खाजरे चट्टे. मध्ये फिकट, कडेला लाल. एक बसते तोवर दुसरी उठते.

"पित्त उठलं पोरीला," आजीने जाहीर केलं. लगेच आमसुलं भिजत पडली, ती कुस्करून गार पाणी अंगाला चोळणं झालं, वर घोंगडी पांघरली. मी खाजवायला लागले की आजी दोन्ही मनगटं धरून ठेवायची. कारणही तयार होतं: सकाळी न्याहारी केली नाही, उन्हात हुंदडली, पित्त खवळलं. कोळंबीवर कुणाचाच संशय गेला नाही. घरच्या माणसावर कोण संशय घेतो!

आमसुलाच्या पाण्याने बरं वाटलं होतं, हे मात्र खरं. त्यातला किती भाग आमसुलाचा, किती गार पाण्याचा आणि किती आजीच्या हाताचा, ते मला आजही वेगळं काढता येणार नाही. तसंही एकेक गांध काही तासांत आपोआप विरते. त्या वेळेला जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

पुढे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन झाले. आमचं काम म्हणजे डॉक्टरांनी काढून पाठवलेल्या तुकड्यांची स्लाइड करणं. तुकडा फॉर्मॅलिनमधून काढायचा, त्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, पॅराफिनच्या मेणात ब्लॉक ओतायचा, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापायच्या. त्या कोमट पाण्यावर सायीसारख्या तरंगतात. एक चुकीचा श्वास सुटला तरी घडी पडते. चकती स्लाइडवर अलगद उचलायची, मेण झायलीनने उतरवायचं आणि रंग द्यायचा. रोजचा रंग हेमॅटॉक्सिलिन-इओसिनचा, निळा-गुलाबी. त्यात मास्ट सेल, म्हणजे माझ्या गांधींमागच्या पेशी, डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत, गर्दीत मिसळून जातात.

त्यांना उजेडात आणायचं तर टोल्युडीन ब्लू लागतो. नावाप्रमाणे हा निळा रंग. शाईसारखा. पण स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की निळ्या पार्श्वभूमीवर रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने काही पेशी चक्क जांभळ्या दिसतात, पिकलेल्या करवंदाच्या रसासारख्या. एकाच बाटलीतला एकच रंग, पण या पेशींच्या पोटातल्या कणांना लागला की निळ्याचा जांभळा होतो. त्या कणांत हेपरिन नावाचं रसायन ठासून भरलेलं असतं. त्याच्यावर ऋण भार इतका दाट असतो की रंगाचे रेणू एकमेकांवर रचले जातात आणि त्यांची छटाच पालटते. पहिल्यांदा ही स्लाइड जमली तेव्हा मी आमच्या सरांना बोलावून दाखवली होती. ते म्हणाले, "छान. आता कंट्रोलची पण दाखव." कंट्रोल म्हणजे रंग बरोबर लागलाय ना, हे पडताळायची स्लाइड. आमच्या कामात कौतुक एवढंच.

ही जादू पहिल्यांदा नीट नोंदवली पाउल एर्लिख या जर्मन माणसाने, १८७८ मध्ये, लाइपझिगला. वय चोवीस. त्याचा डॉक्टरकीचा प्रबंध होता ऊतींना रंग देण्यावर, म्हणजे आमच्याच धंद्यातला. त्यामुळे मला हा माणूस उगाचच नात्यातला वाटतो. कापड रंगवण्यासाठी नव्याने निघालेले अ‍ॅनिलीनचे रंग तो ऊतींवर टाकून बघत होता. कणांनी गच्च भरलेल्या या पेशी त्याला दिसल्या आणि वाटलं, आजूबाजूचं अन्न खाऊन खाऊन या फुगल्या आहेत. म्हणून त्याने त्यांना नाव दिलं 'मास्टत्सेलन'. जर्मन भाषेत 'मास्ट' म्हणजे जनावरांना चारून चारून पुष्ट करणं. मी एकदा मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, तर त्याने जहाजाची डोलकाठी काढली. हर्णैच्या मुलीला डोलकाठी पेशी चालून गेली असती म्हणा, पण आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: माजलेल्या. खाऊन माजलेल्या पेशी.

एर्लिखचा तर्क चुकीचा होता. कणांतला ऐवज बाहेरून खाल्लेला नसतो, पेशीने स्वतः तयार करून साठवलेला असतो. त्यात काय काय आहे हे कळायला पाऊणशे वर्षं गेली. १९५३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट या जोडीने दाखवलं की शरीरातल्या हिस्टामिनची मोठी कोठारं म्हणजे याच पेशी. हिस्टामिन बाहेर पडलं की जवळच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, त्यांच्या भिंतींना फटी पडतात, द्रव झिरपतो, मज्जातंतूंची टोकं चाळवतात. फुलल्या म्हणून लाल, झिरपलं म्हणून फुगीर, चाळवली म्हणून खाज. सातव्या वर्षी माझ्या पाठीवर उठली ती गांध ही एवढी. पित्ताशयाचा तिच्याशी काही संबंध नाही.

मास्ट सेल रक्तात हिंडत नाहीत. हाडांच्या मगजात जन्मतात, पण लहानपणीच बाहेर पडून ऊतींत मुक्काम ठोकतात आणि मोठ्या तिथेच होतात. मुक्कामाच्या जागाही बघण्यासारख्या: कातडी, नाक, श्वासनलिका, आतडी. जिथे जिथे बाहेरचं जग अंगाला लागतं तिथे, आणि त्यातही रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंना बिलगून. स्लाइडवर त्या अशा रांगेने दिसतात तेव्हा मला आमच्या वाडीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसणारे म्हातारे आठवतात. आलेला-गेलेला त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

हे सगळं मी वर्षानुवर्षं जांभळ्या ठिपक्यांत बघत होते. स्वतःच्या अंगाशी त्याचा संबंध लागला तो एकतिसाव्या वर्षी.

मावसभावाचं लग्न झालं, सत्यनारायण झाला, आणि तिसऱ्या दिवशी मासळीचं जेवण ठरलं. कोळंबीचा टोप मी लांबूनच ओळखला आणि पानात वांग्याची भाजी वाढून घेतली. तिच्यात सोडे होते. सोडे म्हणजे सोलून उन्हात कडकडीत वाळवलेली कोळंबी. मसाल्यात शिजले की खोबऱ्याच्या तुकड्यांसारखे दिसतात. तीन घास गेले असतील. आधी तळहात खाजायला लागले, मग तळपाय. मग ओठ जाड झाल्यासारखे वाटले. मी "मावशी" अशी हाक मारली आणि तो आवाज माझा नव्हता, कुणीतरी उशीतून बोलावं तसा होता. पोटात पिळा आला. डोळ्यांपुढे मंडपाची झालर करडी पडत गेली. मावशी धावत आली ती हातात आमसुलाच्या पाण्याची वाटी घेऊनच.

तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी शिरेतून अ‍ॅव्हिल दिलं, स्टिरॉइड दिलं आणि म्हणाले, पडून राहू दे, उतरेल. खाज जरा कमी झाली. रक्तदाब मात्र उतरतच गेला. तेवढ्यात ड्यूटी बदलून एक तरुण डॉक्टर बाई आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पायांखाली दोन उशा सारल्या आणि सलवारीवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनालिनचं इंजेक्शन दिलं. अर्धा मिलिलीटर. पाचेक मिनिटांत छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले आणि झालरीला रंग परत आला.

वयस्कर डॉक्टरांवर माझा राग नाही, पण हा फरक माहीत असावा म्हणून जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅव्हिल किंवा सेट्रिझिन हिस्टामिनला त्याच्या खुर्चीवर बसू देत नाहीत, त्यांचं काम तेवढंच. पण मास्ट सेल फुटते, म्हणजे आपले कण बाहेर सोडते, तेव्हा एकटं हिस्टामिन बाहेर पडत नाही. हेपरिन असतं, ट्रिप्टेजसारखी विकरं असतात, शिवाय पुढच्या काही मिनिटांत पेशी ल्युकोट्राईन आणि प्रोस्टाग्लँडिन ही सूज वाढवणारी रसायनं ताजी बनवून सोडते. हे सगळ्या अंगभर एकदम झालं की रक्तवाहिन्यांतला द्रव ऊतींत पाझरतो, वाहिन्या सैल पडतात, आणि हृदयाकडे परत यायला पुरेसं रक्तच उरत नाही. तिथे ॲलर्जीच्या गोळीचा काही इलाज चालत नाही. अ‍ॅड्रिनालिन वाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि फुटायच्या बेतात असलेल्या मास्ट सेलनाही आवर घालतं. शिवाय पहिला भर ओसरल्यावर काही तासांनी दुसरा येऊ शकतो, म्हणून त्या बाईंनी मला रात्रभर सोडलं नाही. परदेशात मिळतं तसं अ‍ॅड्रिनालिनचं तयार पेन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. माझ्या पर्समध्ये आता ॲम्प्युल, सिरिंज आणि डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी असा डबा असतो. नवरा त्याला 'सोड्यांचा डबा' म्हणतो.

पण सोडे का? उन्हात वाळलेले, मग शिजवलेले. बरं, कोळंबीला तर मी चोवीस वर्षं शिवलेही नव्हते.

याचं उत्तर अर्धं जर्मनीतलं आहे, अर्धं बंगळुरूचं. १९२१ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला मासे सोसायचे नाहीत, तेही शिजवलेले. त्याच्या रक्तातला द्रव कार्ल प्राउस्निट्झ या सहकाऱ्याने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि प्राउस्निट्झला, ज्याला मासे उत्तम पचायचे, तिथे टरारून गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून उसनी देता येत होती. रक्तातली ती वस्तू नेमकी कोणती, हे ठरायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याने आणि पाठोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश यांनी तिला गाठलं. तिचं नाव आयजीई, एक प्रतिपिंड, म्हणजे परकी वस्तू ओळखायला शरीराने बनवलेलं प्रथिन. रक्तात ही प्रतिपिंडं अगदी किंचित असतात आणि दोन-तीन दिवसांत निम्मी होतात. पण मास्ट सेलवर तिच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. तिथे एकदा बसली की आठवडेच्या आठवडे हलत नाही. ओळखीची वस्तू आली आणि तिने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र खेचलं, की पेशी आपली कोठारं रिकामी करते. ओळख तेवढी आधी व्हावी लागते. म्हणून अगदी पहिल्या भेटीत काही होत नाही.

बंगळुरूचा भाग मला जास्त आवडतो. कोळंबीतला मुख्य गुन्हेगार म्हणजे ट्रोपोमायोसिन, तिच्या स्नायूंतलं एक प्रथिन. हे ओळखलं गेलं १९९३ मध्ये, आणि त्या कामात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक होते. कोळंबीसुद्धा आपल्याच किनाऱ्याची. हे प्रथिन भलतंच चिवट, उकळलं तरी बधत नाही, वाळवलं तरी नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. अशाच घडणीचं ट्रोपोमायोसिन घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांत असतं, झुरळांतही असतं. काही माणसांची आयजीई यांच्यात फरक करत नाही. पुण्याच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांतली कापसाची गादी आणि मोरीतली झुरळं यांनी माझ्या मास्ट सेलना चोवीस वर्षं त्या ओळखीचा विसर पडू दिला नसेल, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पण मावशीचं 'पुण्याचं पाणी' अगदीच चुकलं नव्हतं.

दवाखान्यातून परतल्यावर भेटायला आलेल्यांचं एकमत होतं: हिची प्रतिकारशक्ती कमी आहे. काढा सुचवला गेला, च्यवनप्राश सुचवला गेला, "शहरातली मुलं नाजूकच" हेही झालं. ॲलर्जीला आपण नाजूकपणाच्या खात्यात टाकतो आणि तिथेच चुकतो. माझी प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती, भलत्या वेळी पुरून उरली होती. तिला आणखी खुराक कशाला द्यायचा? आधीच माजलेली.

मग अशी पेशी शरीराने सांभाळलीच कशाला, हा प्रश्न मला दवाखान्यातल्या त्या रात्रीपासून छळत होता. एक उत्तर १९९६ मधलं आहे. जन्मतःच मास्ट सेल नसलेले उंदीर असतात. दोन वेगवेगळ्या गटांनी अशा उंदरांच्या पोटात जिवाणूंचा संसर्ग घडवला. साध्या उंदरांच्या मानाने ते पटापट मेले. त्यांच्या पोटात मास्ट सेल आणून सोडल्या, तर पुष्कळसे तगले. या पेशी कणांत टीएनएफ नावाचा निरोप्या तयारच ठेवतात. जिवाणू दिसले की तो सुटतो आणि रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी धावत येतात. बाकीच्या पेशींना असा निरोप्या तयार करायलाच वेळ लागतो. आतड्यातल्या जंतांना हुसकावण्यातही यांचा हात असतो. खाजवण्याबद्दलही २०२५ मध्ये एक अभ्यास आला: उंदरांत खाजवल्याने मास्ट सेल आणखी चेवतात, सूज वाढते, पण कातडीवरचे त्रासदायक जिवाणू कमी होतात. आजीने धरलेली मनगटं आठवली. ती धरायचीच होती, पण खाजवण्यात अगदीच वेडेपणा नव्हता.

मला सर्वांत पटलं ते विषाचं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या स्टीफन गॅली यांच्या गटाने दाखवलं की मास्ट सेल असलेले उंदीर इस्रायलमधल्या एका सापाचं विष आणि मधमाशीचं विषही जास्त सोसतात. कणांतलं एक विकर सापाच्या विषाचे रेणू कापून निकामी करतं. म्हणजे मला आडवं पाडणारा साठा मुळात असल्या प्रसंगांसाठी असावा.

आणि इथे मला आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमाला असलेली माझी भाची आठवली. माधवनिदान या माधवाच्या जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथात शीतपित्ताचं, म्हणजे अशाच गांधींचं, वर्णन आहे, ते तिने एकदा वाचून दाखवलं होतं. त्यात म्हटलंय की कातडीवर वरटी चावल्यासारखी सूज येते, खाजते, टोचते. वरटी म्हणजे गांधीलमाशी. आज आपल्याला माहीत आहे की गांधीलमाश्यांच्या विषात एक पदार्थ असतो, जो आयजीईची वाट न बघता थेट मास्ट सेल फोडतो. त्याचं नावच मास्टोपरान. माधवाने दिलेली उपमा पेशीपर्यंत जाऊन खरी निघाली. कारणमीमांसा वाताची आणि पित्ताची, ती मी बाजूला ठेवते. पण निरीक्षण बघा! मराठीत त्या चट्ट्यांना गांधी म्हणतात आणि त्या माशीला गांधीलमाशी. या दोन शब्दांचं नातं खरं की कानाला भासणारं, ते भाषेच्या जाणकारांनी ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

राहता राहिले नखरे. २०२३ मध्ये दोन गटांचं संशोधन प्रसिद्ध झालं, एक अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा, एक जर्मनीतला. उंदरांना आधी अंड्याच्या पांढऱ्याची ॲलर्जी घडवली. मग पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत त्याच प्रथिनाचं. ॲलर्जी असलेल्या उंदरांनी प्रथिनाच्या बाटलीकडे पाठ फिरवली. आयजीई किंवा मास्ट सेल नसलेले उंदीर मात्र खुशाल पीत राहिले. म्हणजे आतड्यातल्या या पेशी मेंदूला कळवत होत्या: हे नको. नावड तिथून येत होती.

हे मी जेवायच्या सुट्टीत, डबा समोर ठेवून वाचलं. लगेच मावशीला फोन केला. लहानग्या पोरीचं ताट सरकवणं काय होतं, हे तिला उंदरांसकट, बाटल्यांसकट समजावलं. तेव्हा वासाने ढवळायचं ते यामुळेच, असं छातीठोक सांगता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. एर्लिखचं ऐकून हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, "तेव्हा मी भरवलं तुला."

"तुला काय माहीत होतं गं," मी म्हटलं.

यंदा मे महिन्यात गेले तेव्हा कोळंबीची चूल मागच्या अंगणात हलली होती. सोड्यांच्या बरणीवर बारश्याच्या पत्रिकेचा कागद चिकटवून तिने मोठ्या अक्षरात माझं नाव लिहून त्यावर फुली मारली होती. विळीसुद्धा वेगळी. शेजारच्या काकू आल्या, माझ्या पानात नुसतं वरण-भात आणि सोलकढी बघून म्हणाल्या, "अजून नखरे आहेत वाटतं हिचे?"

"नखरे नाहीत हो," मावशी पंखा माझ्याकडे वळवत म्हणाली. "तिच्या अंगात माजलेल्या पेशी आहेत. जर्मनीत सापडल्या."